बिनवासाची बरणी

नांदेडला बदली झाली तेव्हा बँकेतल्या शिपायानं मला खोलीचा पत्ता सांगितला तो असा: स्टेशनामागच्या गल्लीत शिरा आणि वास येईल तिथं थांबा. मी लातूरची. आमच्याकडे असा पत्ता कुणी दिला तर माणूस नाकाला रुमाल लावून निघतो. मीही लावला. गल्लीत आधी मिरचीची फोडणी आली, मग ओल्या गोणपाटाचा वास आला, मग कुणाच्या तरी म्हशीचा. आणि एका निळ्या दारापाशी रुमाल आपोआप खाली आला. त्या दारात गुलाब होता, वाळा होता, नुकत्याच सोललेल्या संत्र्यासारखं काहीतरी होतं, आणि या सगळ्यांच्या तळाशी मधाच्या पोळ्याचा मंद, झोपाळू दरवळ. दुपारचं ऊन होतं. मी बेल वाजवायची विसरून नुसतीच उभी राहिले. किती वेळ, देव जाणे. दार आतूनच उघडलं.

समोर एक उंच, काटकुळे गृहस्थ. भर दुपारी, स्वतःच्या घरात, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पांढरी पँट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात पितळी शिट्टी. गाडी सुटण्याआधी डब्यांवरून नजर फिरवावी तशी त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून फिरवली आणि म्हणाले, "म्याडम, गालावर पाणी न्हाई तुमच्या."

नाव नाही, गाव नाही. खोली दाखवणं तर फारच पुढचं. आधी एका लहानशा काचेच्या बाटलीतून हरभऱ्याएवढी पांढरी क्रीम माझ्या तळहातावर आली, आणि ती गालांत मुरेपर्यंत मला जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवू दिला नाही. खोली कशी होती ते मला आज नीट आठवत नाही. त्या हरभऱ्याएवढ्या क्रीमचा वास मात्र आठवतो.

गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणायची, मीही म्हणू लागले. उभी हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेली. आता गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, असं पेपरात वाचून मी एकदा मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितलं, तर पुढचे काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी जिन्याखालून आवाज आला, "मॅनेजर तर हाटेलीला बी असतोय." विषय संपला.

ड्रायव्हरला पुढून येणारं दिसतं आणि गार्डाला मागे गेलेलं, हे मला त्यांनीच शिकवलं. सिग्नल मिळेना म्हणून गाडी कुठल्या तरी रानात उभी. पुढे इंजिन इतकं लांब की ते दुसऱ्याच तालुक्यात असावं. मागे अंधारात बुडालेले रूळ, मधे एक माणूस आणि त्याचा कंदील. स्टेशनांच्या पाट्या दिसत नसत, म्हणून ते गावं नाकानं ओळखायला शिकले. हळद आली की निजामाबाद. नदीचा गार, शेवाळी वास आला की पूर्णा. सरकीचा आला की जिनिंगवालं कुठलं तरी गाव. आणि शिंका सुरू झाल्या की धर्माबाद, म्हणजे त्यांचं स्वतःचं घर. तिथल्या मिरचीच्या अडतींमधूनच त्यांचं बालपण गेलेलं.

"अंधारात अख्खं गाव नाकातून जातंय म्याडम," ते म्हणायचे. "डोळ्याला त्यातलं काई बी गावत न्हाई."

असा माणूस निवृत्त होऊन नांदेडच्या चार भिंतींत बसला. गाडी हलेना, वास बदलेना. काही दिवस ते स्टेशनावर जाऊन उभे राहायचे म्हणे. मग बाजारातल्या एका अत्तरवाल्या चाचांशी ओळख झाली आणि त्या म्हाताऱ्यानं त्यांना एक शब्द दिला: रूह. शहरात ज्याला इसेन्शियल ऑइल म्हणतात, फुलापानांचा तो निव्वळ अर्क चाचांच्या दुकानात रूह होता. वाळ्याची रूह, गुलाबाची रूह, गवती चहाची रूह. रूह म्हणजे जीव. गार्डसाहेबांना तो शब्द असा लागला की त्यांनी उरलेल्या आयुष्याचा रूळच बदलला. आणि नुसता जीव बाटलीत ठेवून काय करायचं, त्याला अंग पाहिजे, म्हणून क्रीम.

क्रीम करायच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराला लाल झेंडी लागायची. खरीखुरी, रेल्वेतली. ती दिसली की घरातलं मांजरसुद्धा बाहेर थांबायचं. मला पुढे पुढे आत बसायची परवानगी मिळाली, पण वेताच्या बुटक्या मोढ्यावर, आणि तोंड मिटून. एका पातेल्यात करडईचं घाण्याचं तेल आणि मधमाश्यांचं पिवळं मेण, दुसऱ्यात गुलाबपाणी आणि चिमूटभर टाकणखार. दोन्ही पातेली गरम पाण्यात बसवलेली. दोन्हींची ऊब सारखी झाली पाहिजे. ती ते बोटाच्या पेरानं बघायचे, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं.

"तेल अन् पाणी एका घरात नांदत न्हाईत," ते मला सांगायचे. "मेण मधी बसून सोयरीक जमवतंय. पण दोघंबी सारखे तापलेले पायजेत. एक गार अन् एक गरम असला की संसार फाटला."

मग बारीक धारेनं पाणी तेलात, आणि ताकाची लहान रवी. फिरायची ती एकाच दिशेनं. त्या वेळी ते बोलत नसत. खिडकीतून तिरपं ऊन आत यायचं, लांबून शंटिंगचा आवाज यायचा, पातेल्यातलं पिवळं हळूहळू दुधाळ व्हायचं, मग दाट, मग ढगासारखं. मला त्या मोढ्यावर डुलकी लागायची. स्वप्नातसुद्धा रवीचा आवाज चालू असायचा. आणि सगळं कोमट झालं की शेवटी रूह, थेंबाथेंबानं. आधी का नाही, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, रूह तापलेल्या घरात थांबत न्हाई.

गल्लीत प्रत्येकाच्या तोंडाची क्रीम वेगळी. उन्हात रिक्षा चालवणाऱ्याला वाळा. रात्रपाळीच्या वॉचमनला संत्रं, कारण संत्र्यालिंबाची रूह तोंडाला लावून उन्हात गेलं तर चट्टे पडतात, आणि वॉचमनला ऊन भेटतच नाही. समोरच्या बंगल्यातल्या वकीलबाई रोज कुणाशी ना कुणाशी भांडायच्या. त्यांना लॅव्हेंडर दिलं. भांडणं थांबली नाहीत, पण आवाज निम्म्यावर आला, असं गार्डसाहेबांचं म्हणणं होतं आणि मी ते मान्य करत असे. मला त्यांनी गुलाबात किंचित गवती चहा दिला होता. का, ते सांगितलं नाही. बँकेत माझ्या काउंटरसमोरची रांग तेव्हापासून लांब झाली, एवढं मी माझ्या तोंडानं सांगते. दुसरं कुणी सांगणार नाही.

सकाळी त्या गल्लीतून चालत जाणं म्हणजे बागेतून जाणं होतं. प्रत्येक चेहरा एकेका झाडासारखा दरवळायचा.

एक चेहरा सोडून.

काकू. गार्डसाहेबांच्या मंडळी. ठेंगण्या, ठसठशीत, माहेर जळकोटचं. रंग सावळा, आणि काळ्या रानात पाणी मुरल्यावर मातीला येते तशी त्याला एक आतली चमक. गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. रोज सकाळी अंघोळ झाली की पूजा, मग विभूतीची वडी ओल्या बोटांवर घासून तीन बोटं कपाळावरून ओढायची, आणि मग दिवस सुरू. अख्ख्या गल्लीच्या तोंडाला गार्डसाहेबांचा हात लागला होता, पण या बाईनं त्यांच्या क्रीमचा कणसुद्धा कधी गालाला लावला नव्हता. प्रत्येक नव्या घाण्याची पहिली बाटली देवघराच्या फळीवर ठेवली जायची आणि आठवड्यानं, तशीच भरलेली, कुणा शेजारणीच्या हातात जायची.

गार्डसाहेब यावर बोलत नसत. पण मोढ्यावर बसणाऱ्याला सगळं दिसतं. घाणा उतरला, वास बरोबर लागला, सगळं जमलं, की त्यांची नजर आधी दाराकडे जायची. त्या माणसाला या जगात एकच गोष्ट हवी होती: काकूंनी एकदा ती क्रीम लावावी.

मला एकदा लहर आली, मी म्हटलं, लाल झेंडी रोज लागते, हिरवी कुठेय? हिरवीही होती. ट्रंकेत, घडी घातलेली. पण ती ते दाखवत नसत. गल्लीतल्या लोकांनी, पोरांनी, पाव्हण्यांनी, कुणीही म्हटलं तरी नाही. "हिरवी म्हंजी खेळणं न्हाई," ते म्हणाले. "मागं सगळं ठीक हाय, तू नीघ, असं ते वचन असतंय. गार्डानं हिरवी धरली की ड्रायव्हरनं शिट्टी द्यायची. तवर हात खाली करायचा न्हाई. आता घरात हिरवी धरली, तर शिट्टी कोन देनार?"

मी एकदा काकूंना सरळच विचारलं, लावत का नाही? काकू भाकरी थापत होत्या. थापटणं न थांबवता म्हणाल्या, "माझं कपाळ इभूतीचं हाय बाई. तेलकट लावलं की इभूत घसरती."

हे उत्तर मी गार्डसाहेबांकडे नेऊन पोचवलं, आणि पोचवताच मला कळलं की मी काय करून बसले. गार्डसाहेबांना इतकी वर्षं नकार मिळत होता, आज पहिल्यांदा तक्रार मिळाली. रेल्वेच्या माणसाला नकाराचं काय करावं ते कळत नाही, तक्रारीचं बरोबर कळतं.

दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या कपाळावर चाचणी सुरू झाली. आधी क्रीम, वर विभूती. सकाळच्या चहाला वरचा पट्टा मधल्याला टेकलेला असायचा, मधला खालच्याला, आणि जेवणाच्या वेळेला तिन्ही गाड्या नाकाच्या एकाच प्लॅटफॉर्मवर. तशाच तोंडानं ते भाजी आणायला जायचे. मग तेल कमी केलं. मग आरारूट घातलं. मग आणखी आरारूट. त्या दिवशी दुपारी त्यांच्या कपाळाला अशा भेगा पडल्या की काकू दारातून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जळकोटचं उन्हाळी रान उतरलंय की कपाळावर. पेरनी करता का?"

पण माणूस चिवट. अखेर एक घाणा असा उतरला की लावून ओल्या फडक्यानं पुसून घेतला तर कातडीवर तेल दिसायचं नाही, आणि वरची विभूती मात्र धरून बसायची. किती? नुसत्या कपाळावरची विभूती चुलीपुढच्या घामानं, पदरानं, दुपारपर्यंत विरते. काकूंची रोज विरायची, संध्याकाळी कानशिलापाशी एखादी राखी रेघ उरायची. या क्रीमवरची दिवेलागणीपर्यंत जशीच्या तशी. तीन पट्टे, आखल्यासारखे. गार्डसाहेब ते कपाळ घेऊन दिव्याच्या उजेडात काकूंपुढे उभे राहिले.

काकूंनी बघितलं. बारकाईनं बघितलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाल्या, "टिकली खरी. पन वास येतोय," आणि दिवा घेऊन आत गेल्या.

आता वासाचा प्रश्न आला. वास म्हणजे तर त्यांचं राज्य. त्यांनी मला कामाला लावलं: काकूंना कोणता वास आवडतो तेवढं काढून द्या. मला गंमत वाटली. इतक्या वर्षांचा संसार, आणि हे मला विचारताय? तर म्हणाले, संसार तिनं केला, मी मागच्या डब्यात होतो.

काकूंनी माझी यथेच्छ फिरकी घेतली. आज म्हणायच्या रॉकेलचा आवडतो, उद्या म्हणायच्या नव्या वहाणांचा. एकदा म्हणाल्या, उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा. मी तेही गार्डसाहेबांना पोचवलं, आणि हा भला माणूस खरंच बाजारात गेला. चाचांनी दाढीवरून हात फिरवत बराच वेळ विचार केला म्हणे, आणि मोठ्या अदबीनं सांगितलं, "सायब, तुवर की रूह अबी पैदा नै हुई."

हा किस्सा मी काकूंना साभिनय करून दाखवला. चाचांची दाढी, गार्डसाहेबांची मान खाली. काकू हसल्या. हसता हसता थांबल्या. आम्ही मागच्या ओट्यावर बसलो होतो, पुढ्यात खरोखरच तुरीच्या शेंगा होत्या, वर चिंचेची सावली हलत होती. काकू एकेक शेंग सोलत बोलू लागल्या, माझ्याकडे न बघता.

नवीन लग्न झालेलं. धर्माबादचं भरलेलं घर, सासू, दीर, जावा. नवरा सतत गाडीवर. एकदा तो सिकंदराबादहून आला आणि हातात एक ट्यूब ठेवून परत ड्यूटीवर गेला. त्यावर एका गोऱ्या बाईचं चित्र. गोरं होण्याची क्रीम. काकूंना वाचता येत होतं. त्यांनी वाचलं, आणि आपल्या हाताकडे बघितलं. तरी नवऱ्यानं आणली म्हणून दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर थोडी लावली. तिला वास होता. गोड, गुलाबी, दूरवर जाणारा.

"मिरचीच्या घरात गुलाबाचा वास लपतोय का बाई?" काकू म्हणाल्या. "माजघरात पाय ठिवला अन् थोरल्या जाऊबाईनं सगळ्यांसमोर ईचारलं, जळकोटचं ढेकूळ धुवून पांढरं होतंय का म्हनून. सगळे हासले. सासरे बी. मी न्हानीत जाऊन राखेनं तोंड घासलं. तवापासून या तोंडाला इभूतीबिगर काई न्हाई."

शेंगा संपल्या होत्या. टरफलं पदरात गोळा करत त्या उठल्या. "त्यायला सांगू नका हे. वास नको म्हना. लावलेलं कुनाला कळू नये, असं काई असलं तर बगू म्हना."

मी तेवढंच सांगितलं, एक अक्षर जास्त नाही. वास नको, आणि लावलेलं कुणाला कळता कामा नये.

गार्डसाहेब पायरीवर बसले होते. मागे गेलेल्या रुळांकडे बघावं तसे ते गल्लीच्या टोकाकडे बघत होते. मला वाटलं, ऐकलं नाही की काय. मग अगदी हळू म्हणाले, "शिकंदराबादहून मी एक ट्यूब आनली होती. दुकानातली सगळ्यात भारी कोन्ती म्हनून ईचारलं, अन् त्यानं दिली ती घेतली. वर काय लिवलंय ते बगितलंच न्हाई म्याडम."

मी सांगितलेलं नव्हतं. ते स्वतःच, एवढ्या अंधारातून, नाकानं वाट काढत त्या स्टेशनापर्यंत पोचले होते.

त्या संध्याकाळी रूहच्या सगळ्या बाटल्या ट्रंकेत गेल्या. रिक्षावाला वाळा मागायला आला, वकीलबाई स्वतः आल्या. दाराला लाल झेंडी. गल्ली हळूहळू बिनवासाची झाली. पुन्हा म्हैस, पुन्हा गोणपाट. आणि स्वयंपाकघरात एक माणूस आयुष्यात पहिल्यांदा वास जावा म्हणून धडपडत होता.

मी शहाणपणा केला, म्हटलं, रूह घालू नका, झालं. त्यांनी माझ्याकडे अत्यंत कीव करून बघितलं. मेणाला मधाचा वास असतो. करडईला करडईचा. गुलाबपाण्याचं तर नावच गुलाबपाणी. रवीच्या लाकडालासुद्धा वास. त्यांनी मेण उकळत्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढलं, तेल बदललं, रवी टाकून स्टीलचा चमचा घेतला. मला काही येईना, पण त्यांना यायचा. "हाय, अजून हाय," म्हणत ते पातेल्यावर वाकायचे.

शेवटी त्यांनी मेण आणि तेल दोन्ही सोडलं आणि शतधौत घृताकडे वळले. नाव भारदस्त, काम गाढवाचं. साजूक तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, पाणी घालायचं, तळहातानं गोल गोल मळायचं, पाणी काढून टाकायचं, नवं घालायचं. शंभरदा. धुता धुता तुपाचा पिवळेपणा जातो, रवाळपणा जातो, आणि वास तर मुळापासून जातो. उरतं ते पांढरं, हलकं, कुणाचंच नसलेलं.

पण तूप कुणाकडे? तुपाचा डबा काकूंच्या ताब्यात. मागावं लागलं. काकूंनी कशाला हवं ते विचारलं नाही. स्वतःच्या हातानं वाटीभर काढून परातीत घातलं आणि आपल्या कामाला लागल्या. लाल झेंडी या वेळी नव्हती. गार्डसाहेब पुढच्या ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर, मांडीवर परात घेऊन बसले. सकाळपासून परातीवर हाताचा तो ओला, गोल आवाज चालू होता. ऐकता ऐकता दुपार पेंगुळली, मांजर पेंगुळलं, रविवार होता म्हणून मीही कठड्यावर पेंगुळले. मोजदाद कधीच सुटली होती. पाणी ओतलं जायचं, ते उन्हात एकदा चमकायचं आणि ओट्याखालच्या तुळशीत जायचं. मधेच काकू दारात आल्या. मला वाटलं आता तुपाच्या नासाडीवरून काही ऐकवणार. त्यांनी बादलीत बोट बुडवून बघितलं आणि म्हणाल्या, "हे बोरचं पानी हाय. फिल्टरचं घ्या."

गार्डसाहेबांनी फिल्टरचं घेतलं.

संध्याकाळी ते बोटावर घेऊन त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग माझ्यापुढे धरलं. काहीच नव्हतं. पहाटेच्या हवेलाही काही वास असतो, तेवढाही नव्हता. दुसऱ्या सकाळी त्यांनी ते स्वतःच्या कपाळावर लावून बघितलं, वर विभूती लावली, ती दिवेलागणीपर्यंत टिकली. मग चिनीमातीच्या एका लहान बरणीत सगळं भरलं, तोंडाला कापड बांधलं, आणि देवघरात विभूतीच्या डबीशेजारी ठेवून दिलं. काकूंना काही सांगितलं नाही. काकूंनी काही विचारलं नाही.

आणि मग त्या माणसाच्या लक्षात आलं की आपण काय बनवलंय. वास नाही. चकाकी नाही. लावलं तर कुणाला कळणार नाही, म्हणजे त्यांनाही नाही. आयुष्यभराच्या नाकाचा इथं काडीचा उपयोग नव्हता. काकू पूजेला बसायच्या तेव्हा देवघराचं दार लोटलेलं असायचं. मी म्हटलं, बरणी उघडून बघा, किती उरलंय ते दिसेल. म्हणाले, "सील लावलेला डबा गार्डानं उघडायचा नसतोय." मी म्हटलं, मी बघते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जिना चढून वर गेले.

ते दिवस फार शांत गेले. लाल झेंडी लागली नाही, रवी फिरली नाही. ते नुसते ओट्यावर बसायचे. काकूही नेहमीसारख्याच. सकाळी विभूती, दुपारी ती विरलेली, संध्याकाळी कानशिलापाशी ती राखी रेघ. मीसुद्धा चोरून बघायचे. काही नाही. मग मी शनिवारी लातूरला जाऊन आले, सोमवारी बँकेतून थकून परतले, आणि ओट्यावर गार्डसाहेबांशेजारी टेकले. सूर्य स्टेशनाच्या पत्र्यांमागे गेला होता. गोदावरीकडून किंचित ओल्या हवेची झुळूक येत होती. गल्लीतले दिवे एकेक लागत होते.

काकू तुळशीपाशी दिवा ठेवायला बाहेर आल्या. दिवसभराचा स्वयंपाक, धुणं, पापडांचं पीठ, सगळं उरकून आलेल्या. वाकल्या, ज्योत हातानं आडोशाला धरली, आणि उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला.

तीन पट्टे. कानशिलापासून कानशिलापर्यंत, आखल्यासारखे. आत्ताच बोटं ओढल्यासारखे.

गार्डसाहेब उठले. आत गेले. ट्रंकेची कडी वाजली. बाहेर आले तेव्हा शर्टाची वरची गुंडी लावलेली होती आणि हातात हिरवी झेंडी होती. ओट्याच्या कडेला उभं राहून, गल्लीकडे तोंड करून, त्यांनी हात लांब केला आणि झेंडी हलवायला सुरुवात केली. सावकाश, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. रिक्षावाला रिक्षा थांबवून बघत राहिला. वकीलबाई गॅलरीत आल्या.

काकू दिवा ठेवून सरळ झाल्या. "कोन्ती गाडी सोडून राहिले?"

"जुनीच हाय," गार्डसाहेब म्हणाले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "लई लेट झाली."

"बरं, मग हात खाली करा आता. गल्ली बगून राहिली."

हात खाली आला नाही. झेंडी हलत राहिली. काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं. नियम त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होता. त्यांनी पदर खोचला, ओट्याच्या दोन पायऱ्या चढून वर आल्या, नवऱ्याच्या गळ्यातली शिट्टी दोरीसकट आपल्याकडे ओढली आणि फुंकली.

मग गार्डसाहेबांनी हात खाली केला.